खालचं पाणी

श्रावणच्या चन्यात त्या दिवशी आभाळ दिसत होतं. आभाळ, त्यातला एक ढग आणि ढगाच्या कडेला उलटा उभा असलेला खुद्द श्रावण. चना बोटभर उगवला होता. त्याची नुसती शेंडी पाण्याबाहेर होती आणि श्रावण लुंगी मांडीपर्यंत खोचून, घोट्याएवढ्या चिखलात, बारशाला आल्यासारखा खुशीत उभा होता. मोहाटोल्यातल्या माणसाला बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, डबडबलेली दिसली की जिवाला बरं वाटतं. धानाने लावलेली सवय ती, भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, भरल्या बांधीतच होतो. धान काढून त्याच बांधीत चना टाकला तरी हात काही ऐकत नाही.

दोघांच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून गिरजाबाई म्हणाली, "श्रावण, चना पेरला का रोवणा केला?"

"पेरला. काऊन?"

"नाई, त्याले पोहता येते का, इचारून राह्यली."

श्रावण हसला. वहिनीच्या बोलण्याला हसायची त्याला लहानपणापासून सवय होती. गिरजाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा धाकटा देर शर्टाच्या बाहीला नाक पुसत हिंडायचा. ती त्याला अरेतुरे करायची ती तेव्हापासून. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, पण अरेतुरे तशीच होती आणि बोडीही तशीच सामाईक होती.

बोडी म्हणजे शेतांच्या डोक्याला खोदलेलं लहानसं तळं. सासऱ्याने खोदून ठेवलं. खाली दोघांच्या बांध्या लागूनच. पाण्याची वाटणी सासऱ्यानेच लावून दिलेली, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. आपल्या दिवशी पाणी घेतलं नाही तर तो दिवस गेला. मागचा दिवस मागून पुढे मिळत नाही. धानाच्या दिवसांत हे ठीक चालायचं, कारण धानाच्या दिवसांत कोणी आपला दिवस सोडतच नसे.

यंदा गिरजाबाईने सोडला.

तिला ही अक्कल गोंडपिपरीच्या गफ्फारभाईने दिली. गफ्फारभाईचं इंजनं, मोटारी दुरुस्त करायचं दुकान बस थांब्याच्या बाजूला होतं आणि बस उशिरा यायची, त्यामुळे तालुक्यातली बरीचशी शेती त्याच्या बाकड्यावर बसून ठरायची. त्याच्याकडे कोणीतरी परत केलेला फवाऱ्याचा जुना संच पडून होता. काळे पाईप, वर फिरणारी पितळी तोंडं. त्याने गिरजाबाईला समजावलं की दोनदाच द्यायचं, एकदा फुलावर यायच्या आधी, एकदा घाटे भरताना. मधे फुलोऱ्यात हात लावायचा नाही. "चन्याले पाणी दारूसारखं हाय, बाई," तो म्हणाला. "थोडं देल्लं त नाचते. जास्त देल्लं त पडून राह्यते."

गिरजाबाई रोज सकाळी आंघोळ करून बुद्धाच्या मूर्तीपुढे पंचशील म्हणणारी बाई. दारूचा दाखला तिला आवडला नाही. पण संच आवडला. तिने तो बैलबंडीत घालून आणला आणि मार्गशीर्ष लागता लागता चन्याला पहिलं पाणी दिलं. एक दिवस, सकाळपासून ऊन चढेपर्यंत. श्रावण धुऱ्यावर येऊन बसला, बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्याने विचारलं की हे पाणी देणं झालं की पाण्याची आठवण करून देणं.

त्यानंतर तिच्या पाण्याच्या पाळीचे दिवस येत राहिले आणि ती मोटार चालू करेना. आणि तिथेच घोळ झाला. ती पाणी वाचवत होती आणि वाचलेलं पाणी श्रावण पीत होता. तिचा दिवस सुटला की तो त्याचं इंजन लावायचा, बांधी भरायचा. आठ दिवसांत बोडी हातभर खाली गेली. गिरजाबाईने जाऊन विचारलं तर त्याने वडिलांचा नियम सांगितला. पाळी सोडली की गेली. त्याचं चूक नव्हतं, म्हणूनच तिला जास्त राग आला.

रागाला आणखी एक कारण होतं. तिचा मुलगा सुनिल बल्लारपूरला नोकरीवर. दोन वर्षांपासून त्याचं एकच म्हणणं, आई, आता पुरे कर, बांधी काकाला बटईने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, दे आणि इकडे ये. बल्लारपूरला दोन खोल्या, नळ, आणि समोर भिंत. गिरजाबाई तिथे चार दिवस राहून आली होती. चौथ्या दिवशी तिने त्या भिंतीवरचे सगळे डाग पाठ केले. यंदा रोवणीच्या वेळी मायलेकांची चांगलीच जुंपली आणि ती बोलून बसली, "यंदाचा चना फसला त बांधी तुझ्या काकाले देतो आन येतो." श्रावण तेव्हा तिथेच बसला होता. तेव्हापासून तो तिच्या बांधीचा धुरा जरा जास्तच प्रेमाने लिंपत-सवारत होता.

म्हणजे घाटे भरताना पाणी मिळालं नाही तर चना जाणार, चन्यामागे बांधी जाणार, आणि ते पाणी आत्ता श्रावणच्या चन्याला पोहायला लागत होतं.

तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी विहारापुढच्या ओट्यावर माणसं बसली होती, श्रावण होता, तिथे जाऊन ती हळू आवाजात म्हणाली की दिवसांची वाटणी आता पुरे, पाण्याचीच वाटणी करू. बोडीत चार हात पाणी आहे. दोन हात वरचं, दोन हात खालचं.

ओट्यावर हशा पिकला. विनोद म्हणून एक जण होता, त्याने विचारलं की पाणी काय भाकर आहे, वरचा पापुद्रा वेगळा काढायला. श्रावणने मात्र हसता हसता डोकं चालवलं. बोडी वर रुंद, खाली निमुळती. वरच्या दोन हातांत जेवढं पाणी, त्याच्या निम्मंही खालच्या दोन हातांत नाही, शिवाय तळाला गाळ.

"वरचं कोणाचं मग?" त्याने विचारलं.

"तुले पायजे त तू घे."

"मागून म्हणशील, फसवलं."

"नाई म्हणत. चार माणसं हायेत इथी."

चार माणसांसमोर ठरलं. बोडीत एक बांबू रोवला, मधोमध सुताची दोरी बांधली. दोरीवरचं श्रावणचं, दोरीखालचं गिरजाबाईचं. घरी जाताना श्रावणने बायकोला, सरिताला, ही गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा स्वतःच हसला. सरिता हसली नाही. ती वर्षानुवर्षं बांधीत वाकलेली बाई होती. तिला एवढंच कळलं होतं की जेठानी एखादी गोष्ट हळू आवाजात बोलली की समजून चालावं.

श्रावणचा चना वाढला. असा वाढला की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. हिरवागार, गुडघ्याच्या वर, अंगावर पडेल असा. तो बघणाऱ्यांना आत घेऊन जायचा, पानं हातावर घेऊन दाखवायचा. फुलं कुठी, असं कोणी विचारलं की म्हणायचा, येऊन राह्यले. बांधीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचायचं, तिथे झाडं पिवळी पडून मरायला लागली होती, पण त्या कोपऱ्याकडे तो पाहुण्यांना नेत नसे.

गिरजाबाईचा चना वीतभर. फाटे फुटलेला, जमिनीला धरून, रुसलेल्या लेकरासारखा. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण सुनिलला फोन गेला असावा, कारण त्याने विचारलं की आई, सामान कधी बांधायचं. गिरजाबाईने फुलं मोजायला सुरुवात केली होती. ती म्हणाली, "थांब नं बापा."

श्रावणचं वरचं पाणी इंग्रजी नव्या वर्षाच्या आधीच संपलं. दोरी उघडी पडली, वाऱ्यावर हलू लागली. तिच्याखाली गिरजाबाईचं दोन हात पाणी शांत उभं होतं.

आणि घाट्यांत दाणा धरायला लागला तेव्हा डीपी जळाली.

लाईन गेली ती गेलीच. आज येतो, उद्या येतो. तिची मोटार विजेची. बोडीत पाणी आहे, पाईप अंथरलेले आहेत, आणि मोटार मेलेल्या डुकरासारखी पडून. वरून कोरडा वारा सुटला. घाटे हाताला लागत होते, पण दाबले की पोकळ. आठ दिवसांत पाणी नाही लागलं तर दाणा चिमणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

गावात डिझेलचं इंजन एकच, श्रावणचं. ती मागायला गेली. श्रावणने बसायला खाट टाकली, चहा करायला लावला आणि मग म्हणाला की इंजन देतो, पण पाणी निम्मं-निम्मं. त्याचाही चना तहानलेला आहे. गिरजाबाईने विचारलं की तहानलेला आहे की सवय लागली आहे. निम्मं दिलं तर तो एका दिवसात एक बांधी भरून मोकळा होईल आणि तिच्या वाट्याला बेडूक उरतील, हे तिला दिसत होतं. ती चहा न पिता उठली.

आता श्रावण काही वाईट माणूस नव्हता. पण समोर दोन हात पाणी दिसत असताना कोरड्या बांधीत उभं राहणं त्याला जमेना. आणि त्याला पौर्णिमा आठवली.

पौर्णिमेला गिरजाबाई अष्टशील घ्यायची. पांढरं लुगडं, सकाळी विहारात वंदना, दुपारी बारानंतर अन्न नाही. याशिवाय एक नेम तिने स्वतःचा स्वतः लावून घेतला होता, त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कोणाला वाकडा शब्द बोलायचा नाही. उपास तिला सोपा जायचा. हा नेम जड जायचा. गावालाही तो माहीत होता. तिच्या आंब्याखालचे आंबे पोरं पौर्णिमेलाच वेचत.

पौष पौर्णिमेच्या सकाळी ती विहारातून निघाली तर बोडीकडून इंजनाची धडधड. ती तशीच शेतावर गेली. श्रावणचं इंजन बोडीच्या काठावर. त्याचा चपटा लांब पाईप धुऱ्यावरून सापासारखा गेलेला, त्याचं तोंड श्रावणच्या बांधीत, आणि तोंडातून तिचं पाणी भकाभक पडत होतं. श्रावण कुठेच नव्हता.

तो कुठे असणार हे तिला ठाऊक होतं. इंजन लावून दिलं की तो चौकात चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. बांधी भरायला अख्खा दिवस लागतो, तिथे उभं राहून करायचं काय. कान मात्र इंजनाकडे. धडधड ऐकू येते तोवर सगळं बरोबर. आवाज थांबला की उठून धावत यायचं. गेली वीस वर्षं तो पाणी असंच द्यायचा, कानाने.

गिरजाबाईच्या तोंडात पहिली शिवी आली ती तिने गिळली. दुसरी आली, तीही गिळली. तिसरी बरीच मोठी होती. तेवढ्यात सरिता नवऱ्याची भाकर घेऊन आली, धुऱ्यावर थांबली, पाण्याकडे पाहिलं, जेठानीच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिलं.

"बाई, बोला नं काही."

गिरजाबाईने मान हलवली.

"बोलता येत नाई का आज?"

पुन्हा मान.

सरिताने भाकर दगडावर ठेवली. "मले उपास नाई," ती म्हणाली. "मी बोलतो."

आणि ती बोलली. आधी इंजनाला, मग पाईपाला, मग नवऱ्याला, मग नवऱ्याच्या चहाला. पिवळ्या पडलेल्या कोपऱ्यातली मेलेली झाडं तीच उपटून फेकत होती महिनाभर, ते सगळं त्यात आलं. गिरजाबाईने डोळे मिटून घेतले होते. एकदोन ठिकाणी तिला वाटलं की आपण असते तर यापेक्षा बरा शब्द काढला असता, पण एकंदरीत काम ठीक चाललं होतं.

सरिता दम खायला थांबली आणि इंजन बंद करायला निघाली. गिरजाबाईने तिचा हात धरला. कानाला बोट लावून चौकाकडे दाखवलं. सरिताला कळलं. इंजन थांबलं तर तो येईल.

मग दोघींनी पाईपाचं तोंड धरलं. पाण्याने फुगलेला पाईप जिवंत जनावरासारखा हिसके देत होता. ओढत ओढत त्याला धुऱ्यावरून गिरजाबाईच्या बांधीपाशी आणलं. फवाऱ्याच्या पहिल्या काळ्या पाईपावर चढवायला तीन खेपा लागल्या. पहिल्या वेळी गिरजाबाई डोक्यापासून पायापर्यंत भिजली, दुसऱ्या वेळी सरिता, तिसऱ्या वेळी दोघी. शेवटी सरिताने आवळून धरलं आणि गिरजाबाईने रबराच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. इंजनाचा आवाज क्षणभर जड झाला. दोघींनी चौकाकडे पाहिलं. कोणी येईना. पाईपांतून हवा फुसफुसली, पितळी तोंडांनी थुंकल्यासारखं केलं, आणि एकामागून एक सगळे फवारे उठले.

पाणी असं बारीक पडत होतं की माती ते पडल्या पडल्या आत घेत होती. एका जागचं झालं की दोघी पाईप पुढच्या ओळीत नेत. बारा वाजायच्या आत गिरजाबाई एकदा घाईघाईने घरी जाऊन जेवून आली. सरिताने श्रावणची भाकर खाल्ली.

दोन वाजता श्रावण आला. आवाज बरोबर होता म्हणून निवांत आला, बांधी भरली असेल म्हणून लुंगी आधीच खोचून. त्याची बांधी सकाळी जेवढी ओली झाली होती तेवढीच, आणि तीही वाळत आलेली. शेजारी वहिनीच्या चन्यावर धुकं उभं होतं. धुक्यात त्याची बायको पाईप खांद्यावर घेऊन चालली होती.

"हे काय चालू हाय?" तो म्हणाला.

"पाणी," सरिता म्हणाली.

"इंजन माह्यं हाय."

"पाणी कोणाचं हाय?"

श्रावण धुऱ्यावर उभा राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं हे ठरेना. ओट्यावर जाऊन तक्रार करायची तर आधी सांगावं लागलं असतं की दोरीखालच्या पाण्यात आपलं इंजन काय करत होतं. गिरजाबाई त्याच्याकडे बघत होती. ओली, गारठलेली आणि इतकी शांत की त्यालाच थंडी वाजली. त्याने भाकर मागितली. ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंचशील म्हणताना गिरजाबाई दुसऱ्या शीलावर अडली. न दिलेलं घेऊ नये. पाणी तिचं होतं, पण डिझेल. ते कोणी दिलं होतं? ती उठून तशीच सरिताकडे गेली आणि दारातूनच विचारलं.

"मी देल्लं," सरिता चूल फुंकत म्हणाली. "घरात अर्धा वाटा माह्या हाय का नाई?"

गिरजाबाई घरी आली आणि राहिलेली शीलं म्हणाली.

चना निघाला. गिरजाबाईचे घाटे टम्म भरले होते, पोती रचायला माळा कमी पडला आणि दोन तिच्या खाटेखाली गेली. पण खरी गंमत श्रावणची झाली. त्याला पाणी मिळालं नाही. महिनाभर बांधी कोरडी पडली आणि इतके दिवस नुसता पानांवर चढत गेलेला तो माजोरी चना घाबरला. खालचा कोपरा गेला तो गेलाच, बाकीच्याने मुकाट्याने घाटे धरले. फार नाही, पण धरले. त्याला पाणी मिळालं असतं तर तो सगळाच पिवळा झाला असता.

कापणीच्या आधी तालुक्याहून कोणी साहेब रस्त्याने चालले होते. त्यांना उंच चना दिसला, त्याला घाटे दिसले, त्यांनी गाडी थांबवली. श्रावणने त्यांना सांगितलं की चन्याला शेवटी ताण द्यावा लागतो, मन घट्ट करून पाणी तोडावं लागतं. आपण बोडीत पाणी असतानाही तोडलं. साहेबांना ते फार पटलं. पुढच्या आठवड्यात ओट्यावर कार्यक्रम झाला. श्रावणला शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. गिरजाबाई बायांमध्ये बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या. सरिताने तिच्या कानात विचारलं की बाई, आता तर पौर्णिमा नाही, काऊन गप्प बसल्या. गिरजाबाई म्हणाली, "शाल चांगली हाय. थंडीत तुले होईल."

फाल्गुन लागला तरी बोडीत गुडघाभर पाणी होतं. इतक्या वर्षांत फाल्गुनात तिथे गुरांच्या खुरांच्या खुणांशिवाय कोणी काही पाहिलं नव्हतं. श्रावण रोज जाऊन बघायचा आणि परत यायचा. चौथ्या दिवशी तो वहिनीच्या दारात आला. आत आला नाही. विचारलं की एवढ्या पाण्यात काय होईल.

"अर्धी बांधी मूग होईल," गिरजाबाई म्हणाली. "डीपी अजून बंद हाय. इंजन आणतं का?"

"आन मूग?"

"निम्मा-निम्मा. पण इंजन लावून चौकात जाचं नाई. पाईप तू सरकवाचे."

मूग उगवला, दोन पानांचा झाला, चार पानांचा झाला. त्या सकाळी फवारे फिरत होते, श्रावण पाईप खांद्यावर घेऊन एका ओळीतून दुसऱ्या ओळीत चालला होता, आणि गिरजाबाई धुऱ्यावरच्या सावलीत बसली होती तेव्हा सुनिलचा फोन आला. त्याने चन्याचं ऐकलं होतं. चांगलं झालं म्हणाला. पण एक साल पिकलं म्हणजे झालं असं नाही, दरसाल तू एकटी किती करशील, म्हणाला. काकाला बांधी बटईने देण्याचं काय ठरवलं, म्हणाला.

मागून श्रावणने हाक मारली. "वयनी, इथचं झालं. आता कुठी नेऊ?"

"त्या मोहाच्या बाजूने घे," गिरजाबाई म्हणाली. "आन मूग तुडवू नको."

"कोण हाय आई तिथी?" सुनिलने विचारलं.

"तुझा काका हाय," ती म्हणाली. "बटईनेच घेतला."